घोटभर दूध

जिंकलेल्या कुस्त्या माणसं म्हातारपणी रंगवून सांगतात. माझ्याकडेही तशा चार-दोन आहेत, आणि नातवंडांना त्या तोंडपाठ आहेत. गेवराईच्या जत्रेत मी पडलो, ती कुस्ती मात्र मी घरात कधी काढत नाही.

निजामाचा अंमल होता. आमचं गाव पाटोद्याजवळचं. वडील लवकर गेले. घरात आई, मी, नऊ वर्षांची धाकटी बहीण आणि एक म्हैस. मी तालमीत जायला लागलो त्या दिवशी वस्तादांनी आईला बजावलं होतं, "पैलवानाच्या दुधाला दुसऱ्याचा ओठ लागू द्यायचा न्हाई. ओठ लागला की ताकद वाटली जाती." सगळं गाव हे मानत असे. त्यामुळे म्हशीला चारा घालायची बहीण, शेण काढायची बहीण, आणि तांब्या रिकामा करायचा मी. मला त्यात काही वावगं वाटत नसे. उलट नुकत्या फुटलेल्या मिशीवरची साय मी तिच्यासमोर ऐटीत पुसायचो.

जत्रा पंधरा दिवसांवर आली आणि बहिणीला मुदतीचा ताप आला. पाटोद्याच्या हकिमांनी नाडी बघून सांगितलं, "पोरीला दूध पाजा. दुसरं काही पचणार नाही." आई तांब्या हातात धरून माझ्याकडे बघत उभी राहिली. शेवटी तीच म्हणाली, "जत्रा होऊ दी. तवर पेज पिईल ती." मी तांब्या घेतला आणि बहिणीच्या बाजेकडे पाठ करून प्यालो. पाठ केली म्हणजे लाज थोडी होती, पण ती काही कामाची नव्हती.

जत्रेत माझी जोड नदीकाठच्या एका थोराड गड्याशी लागली. हलगी कडाडत होती. थोड्याच वेळात मी त्याला खाली घेतलं. आमच्या गावची माणसं ओरडायला लागली, आणि मी मूर्खानं कोण कोण बघतंय ते पाहायला मान वर केली. तेवढ्यात त्यानं अंग झाडलं, माझा पाय धरला आणि मला उलथं केलं. पाठीला माती लागली. गोष्ट एवढीच आहे. चूक माझी होती.

पण हे कबूल करायला माझं निम्मं आयुष्य गेलं. दोन दिवसांच्या परतीच्या वाटेत मी सगळ्यांना दोष देत आलो. माती ओली होती, पंच त्यांच्याकडचे होते. नाचता येईना अंगण वाकडं.

घरी पोचलो तेव्हा बहीण जागीच होती. डोळे खोल गेलेले.

"दादा, पडलास?"

"पडलो."

तिचा चेहरा एकदम कसनुसा झाला. "म्या तुझं दूध पेलतं, दादा. माय गोठ्यात गेलती तवा. एकच घोट. घसा लई सुकलता. मायला सांगू नकू."

मी दोन दिवस जे शोधत होतो ते तिनं आपल्या हातानं मला आणून दिलं.

"तरीच," मी म्हणालो.

तिनं भिंतीकडे तोंड केलं. संध्याकाळी आईनं दूध कोमट करून तिच्यापुढे वाटी धरली. आता जत्रा संपली होती, दुधाला मनाई नव्हती. तिनं ओठ घट्ट मिटून घेतले. "दादाचं हाय ते," म्हणाली. आईनं विनवलं, रागावून पाहिलं. मीही दारातूनच "पी गं" म्हणालो, पण जवळ गेलो नाही. पडलो तरी माझं नाक वरच होतं. चौथ्या दिवशी सकाळी ती गेली.

पुढच्या वर्षी त्याच गड्याला मी त्याच मातीत चीत केलं. गावानं खांद्यावर घेऊन मिरवलं, वस्तादांनी फेटा बांधला. घरी आल्यावर आईनं भरलेला तांब्या पुढं ठेवला आणि आम्ही दोघंही त्याच्याकडे बघत बसलो. शेवटी ते दूध नासलं.

"तुझ्या घोटानं काही झालं न्हाई गं, मी वर बघितलं म्हणून पडलो." तिला एवढं सांगायला माझ्यापाशी चार दिवस होते.