डाव्या मांडीचं माप

"डावी आज बी रुसली हाय बगा, म्याडम."

दारात चप्पल काढता काढताच ती सांगायची. डावी म्हणजे तिची डावी मांडी, ऑपरेशननंतर उजवीपेक्षा बारीक झालेली. दोन्ही मांड्या पंज्यात धरून ती घरूनच तपासून आलेली असायची. मी टेपनं माप घ्यायचे तेव्हा तिचा अंदाज क्वचितच चुकायचा.

अंबाजोगाईत मी फिजिओथेरपीचा दवाखाना चालवते. गुडघे पुष्कळ पाहिले, पण वायरमनचा, आणि तोही एका बाईचा, गुडघा पहिल्यांदाच आला होता. आता तिची बदली पाटोद्याला झाली आहे. तेव्हा घाटनांदूरकडच्या सहा-सात गावांची लाईन तिच्याकडे होती. कमरेला पट्टा बांधून ती खांबावर चढायला लागली की तुम्हीही रस्त्यात थांबून मान वर केली असती.

पहिल्या दिवशी मी विचारलं, "कसं लागलं?"

"आदी लिवून घ्या, खांबावरून पडले न्हाई. खाली उतरून रानातनं चालले होते. चिखलात पाय रुतला, अंग फिरलं आन् गुडगा तितंच ऱ्हायला."

गुडघ्यातलं लिगामेंट तुटलं होतं. ऑपरेशन करून, मांडीमागच्या स्नायूची दोरी काढून त्या जागी बसवली होती. डॉक्टरांचं काम संपलं होतं, आमचं सुरू व्हायचं होतं.

गुडघ्याखाली टॉवेलची गुंडाळी ठेवून ती खाली दाबायची, हा पहिला व्यायाम. दिसायला पोरखेळ. पण ऑपरेशननंतर मांडी ऐकतच नाही. ती दात-ओठ खाऊन दाबत होती आणि मांडी ढिम्म. "अगं, दाब की! खाऊन खाऊन झोपलीस व्हय?" ती स्वतःच्याच पायावर खेकसली. चौथ्या दिवशी कातडीखाली जराशी हालचाल दिसली, तेव्हा ती इतक्या जोरात ओरडली की शेजारच्या खाटेवरचे आजोबा उठून बसले.

तिच्या ऑफिसातले साहेब भले माणूस. सबस्टेशनला बसून रजिस्टर लिही म्हणाले. तिला ते लागलं. "बसायचंच असतं तर घरी काय खुर्ची नव्हती? खांब चढायची परीक्षा देऊन लागलेय मी."

पाचव्या महिन्यात ती कामावर रुजू व्हायचा फॉर्म घेऊन आली. चालणं सरळ, दुखणं बंद.

"सही करा, म्याडम."

मी फरशीवर खडूनं रेघ मारली आणि एका पायावर उडी मारायला लावली. आधी उजवा, मग डावा. डावा वीतभर मागे पडला.

"आज सही नाही."

"कावून? दुकत तर न्हाई!"

"दुखत नाही याचीच मला भीती वाटते. आतली दोरी अजून कच्ची आहे, मांडीत जोर नाही. वर गेल्यावर पाय लटपटला तर काय करशील?"

तिनं कागदाची घडी घातली आणि निघून गेली. आठ दिवस आली नाही. खरं सांगते, मला वाटलं गेली ही. अशी सही दुसरीकडे मिळणं काही अवघड नव्हतं.

नवव्या दिवशी दार उघडायच्या आधीच पायरीवर बसलेली.

"मिळत होती सही. घेतली न्हाई."

"का गं?"

"सही काय संगं खांबावर येती व्हय? पुढचं सांगा."

मग आठवड्यातून तीनदा ती जीपनं यायची. घोट्याला वाळूची पिशवी, एका पायावर बैठका, पायरीवर चढ-उतार. माझी नजर हटली की ती आकडे गिळायची; म्हणून मीच समोर उभी राहून मोजायचे. शेवटी शेवटी तर तिनं पक्कड-पान्ह्यांची पिशवी कमरेला बांधून बैठका काढल्या.

नवव्या महिन्यात पुन्हा रेघ मारली. तीन उड्या. तिसऱ्या उडीत डावा उजव्याच्या बोटभर पुढे गेला. तिचा माझ्यावर विश्वास बसेना. खाली बसून स्वतः टेप लावला, दोनदा. मग बाहीनं डोळे पुसले आणि म्हणाली, "आता करा." इतक्या सुवाच्य अक्षरात मी आजवर कधी सही केलेली नाही.

पुढं महिनाभरानं घाटनांदूरच्या वाटेवर ती दिसली, खांबाच्या टोकाला. खाली सगळे तिचे हात बघत होते. मी गुडघा बघत थांबले. काम संपवून ती उतरली. डावा पाय प्रत्येक वेळी सगळं अंग तोलत सावकाश वाकत होता, जराही थरथरला नाही. वीज आली, पलीकडे पिठाची गिरणी सुरू झाली. लोक हसत पांगले.

शेजारी उभ्या असलेल्या म्हाताऱ्यानं मला विचारलं, "तुमची कोण लागती ही?"

"पेशंट होती माझी," मी म्हणाले. "आता नाही."

आणि ती तर मला न बघताच, पट्टा खांद्यावर टाकून, पुढच्या खांबाकडे निघालीसुद्धा होती.