बुडालेल्या गावातला वळसा

सुजाताचा फोन आला तेव्हा मी अंगणात बुटांच्या नाड्या धुऊन दोरीवर टाकत होतो. दुसऱ्या दिवशी तिच्या वडिलांबरोबर, देवानंदबरोबर, धरणाचं पाणी किती उतरलं ते पाहायला जायचं होतं आणि गेल्या खेपेचा चिखल त्या नाड्यांत वाळून बसला होता. "काका, उद्या येऊ नका," ती म्हणाली, "बाबा गेले. जेवून उठले अन्..." मी दोरीवरच्या नाड्या परत काढल्या, का कुणास ठाऊक, आणि त्या ओल्याच मुठीत धरून त्यांच्या घरी गेलो. त्याला आता दीड महिना होऊन गेला.

देवानंद ढाणकीच्या शाळेत विज्ञान शिकवायचा आणि निवृत्तीनंतर पुसदला आमच्या कॉलनीत राहायला आला. मी कॉलेजच्या ग्रंथालयातून सुटलेला, साखर वाढलेला. आमच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या सगळ्यांनी खुर्चीत बसूनच कामं केलेली. डॉक्टरांनी चालायला सांगितलं म्हणून मी मैदानाला फेऱ्या मारत होतो, तर हा कुंपणापाशी थांबून म्हणाला, "घाण्याच्या बैलावानी गोल गोल कायले फिरून राह्यला? चाल माह्यासंगं." तेव्हापासून आमचे रविवार जंगलात जाऊ लागले. सागाच्या रानातून उतरत धरणाच्या मागच्या पाण्याकडे जाणारी, पक्षी अभयारण्यातली पायवाट त्याला तोंडपाठ होती. ऊन चढायच्या आत दलदलीच्या काठी पोचायचं, बदकं बघायची, वहिनींनी बांधून दिलेली भाकर आणि ठेचा खायचा... मी बोलायला लागलो की तो हात वर करायचा. माझ्या आवाजाने पक्षी उडतात असं त्याचं म्हणणं. खरं तर त्यालाच शांतता हवी असायची आणि मला त्याचा रागही यायचा.

उन्हाळ्यात पाणी मागे सरलं की त्या पायवाटेला जास्तीचं एक टोक फुटायचं, कारण पाण्याखाली त्याचं गाव होतं. तो शाळकरी असताना ते बुडालं आणि माणसं वरच्या नव्या गावठाणात गेली. पाणी फारच खाली गेलं की भेगाळलेल्या गाळातून घरांची जोती वर येतात, विहिरीचं तोंड येतं, मारुतीच्या पाराचे दगड येतात आणि पारापासून निघणारी गावाची मोठी गल्ली स्पष्ट दिसते. तिच्या पलीकडच्या टोकाला आपलं घर होतं, असं त्यानेच मला पारावरून दाखवलं. मी सरळ निघालो. पोचून मागे पाहिलं तर हा नाही. बऱ्याच वेळाने तो ओढ्याच्या अंगाने, अख्ख्या गावाला वळसा घालून, घामाघूम होऊन आला. रिकाम्या जमिनीवर कुणी वळसा घालतं का, म्हणून मी हसलो. तो हसला नाही.

भाकर खाताना त्याने सांगितलं. त्याची माय मोठ्या गल्लीने कधी घरी गेली नाही. तिच्या लहानपणी त्यांच्या वस्तीतल्या लोकांना तिथून जायची बंदी होती. पुढे घराने बौद्ध धम्म घेतला, बंदी सरली, कुणी अडवेनासं झालं; पण डोक्यावर मोळी असो की कडेवर मूल, ती ओढ्यानेच वळायची आणि तिच्या मागोमाग हाही.

"गाव बुडालं, पाटलाचं घर बुडालं, सारं बुडालं," तो म्हणाला, "पन ह्या पायातलं नाही बुडालं लेका. पारापाशी आलो का आपोआप वळतात."

त्यानंतर दर उन्हाळ्यात तो ठरवून यायचा, यंदा सरळ जायचं म्हणून. मी त्याचा दंड धरून चालायचो. एकदा निम्म्या गल्लीपर्यंत आला, पाटलाच्या जोत्यापाशी थबकला आणि मागे फिरला. जोत्यावर कुणी बसून आपल्याकडे पाहतंय असं वाटतं, म्हणाला. त्या उघड्या गाळावर एका टिटवीशिवाय जिवंत काही नव्हतं, पण ते ऐकल्यावर मलाही तिकडे पाहवेना. आणि हा माणूस वर्गात भुताखेतांची टिंगल करणारा! शेवटी आम्ही दोघंही ओढ्यानेच जायचो, तो पुढे, मी मागे. यंदा मात्र हिवाळ्यापासूनच त्याने धोशा लावला होता की मायच्या घरी एकदा तरी समोरून जाईन, मग काय व्हायचं ते होवो. ते राहून गेलं. त्याच्या जाण्यातलं मला सर्वांत जास्त सलतं ते हेच.

गेल्या रविवारी पाणी पुरतं उतरलं. सुजाताने राख एका गाडग्यात ठेवली होती, घराच्या जागी पुरायची म्हणून. ती पुण्याला नोकरी करते. जुन्या गावात त्याने तिला कधी आणलंच नाही आणि वळशाबद्दल एक अक्षर सांगितलं नाही. तिच्या पायात ते उतरू नये म्हणूनच असेल. मीही काही बोललो नाही. पारावर उभं राहून नुसतं हाताने घर दाखवलं.

ती सरळ निघाली. मोठ्या गल्लीच्या मधोमध, गाडगं छातीशी धरून. वाटेत पाटलाच्या जोत्यावर खुशाल टेकली, बुटातला खडा झटकला आणि पुढे गेली. मला रडू आवरेना. डोळे पुसत मी तिच्या मागे निघालो, निदान मला तरी तसंच वाटत होतं.

घराच्या जोत्यापाशी ती खड्डा उकरत बसली होती. मला पाहून तिने मान वर केली.

"काका, तिकडून काहून आले तुम्ही?"

मी मागे पाहिलं. मागे ओढा होता, आणि माझे बूट वाळूने भरले होते. देवानंद तर तिच्या गाडग्यात होता; मोठ्या गल्लीने, समोरून, माझ्या आधी घरी पोचला होता. मग ओढ्यातून इतका वेळ मी कुणाच्या मागे चालत होतो...?