आत्याची फेरी आणि निळं बूच

आमच्या घरातलं पहिलं जलवाहन पाण्यापेक्षा जमिनीवरच जास्त फिरलं.

झालं असं, की आमचं रान येडगाव धरणाच्या फुगवट्याला लागून आहे. दारात एवढं पाणी आणि आपण नुसतं बघत बसायचं? (माझी बायको सुनंदा हिचं म्हणणं होतं, की बघत बसायला काहीच त्रास होत नव्हता.) म्हणून मी कोकणातून एक जुनी टू-स्ट्रोक वॉटर स्कूटर आणली. कोकणात ती धावत होती. आमच्याकडे आली आणि रुसली! बटण दाबलं की खर्रर्र, खर्रर्र. झालीच चालू, तर दोन मिनिटांत खोकून बंद. टेम्पोत घालून नारायणगावला नेली, मंचरला नेली. मंचरच्या मेस्त्रीनं तिच्याभोवती दोन चकरा मारल्या आणि विचारलं, "हिला चाकं कधी बसवायची?"

इथं माझ्याबद्दल एक सांगायला हवं. आळेफाट्याला माझं ठिबक सिंचनाचं दुकान आहे. वीस वर्षं या धंद्यात घालवल्यावर माणसाला उघड्या नळीचं तोंड बघवत नाही. दिसलं की खिशातून बूच काढायचं आणि बसवायचं! सासुरवाडीला एसीच्या पाण्याची नळी अशीच उघडी दिसली होती. मी बूच मारलं, आणि सासरे पहाटे ओल्या गादीत जागे झाले. तेव्हापासून मी जेवायला गेलो की सासूबाई आधी माझे खिसे बघतात.

तर, स्कूटर बंद होती ती होतीच. तेवढ्यात आणे पठारावरून माझी आत्या आली. तिला फोनवर "आत्या, तुला पाण्यावरून पळवतो!" अशी थाप मीच मारली होती. सत्तरीची आत्या एकटी एसटी बदलत पोचली, नऊवारीचा काष्टा घट्ट कसून, तयारीनिशी!

"बाळू, उभा जन्म हंडा वाहिला," ती म्हणाली. "हंड्यात मावंल त्येवढंच पाणी बघितलं. आज त्याच्यावरनं फिरायचं. म्हस आठ दिसांत व्यायची हाय, मग मला घर सोडता यायचं न्हाई. साडेपाचच्या गाडीनं माघारी जायचंय."

आता काय करता! मी जुन्नरहून उस्मानभाईंना बोलावून घेतलं. अख्ख्या तालुक्यातल्या टू-स्ट्रोक गाड्या ज्यांच्या हाताखालून गेल्या असा हा माणूस. पेट्रोल कमी पडायला नको म्हणून मी माझ्या मोटारसायकलमधलं पेट्रोल नळीनं ओढलं, ऑईल मिसळलं आणि स्कूटरला पाजलं. आत्यासाठी काहीही!

उस्मानभाईंनी स्कूटर काठाच्या उथळ पाण्यात घेतली, सीट उचललं आणि पहिलाच प्रश्न टाकला.

"भाऊ, तुमी ह्याच्यात कुठं हात घातला नाय ना?"

"छे! अजिबात नाही!"

त्यांनी प्लग काढले, पुसले, ठिणगी बघितली. मग टाकीचं टोपण उघडून पेट्रोल बघितलं, टोपण लावलं, बटण दाबलं. चालू! मी टाळ्या वाजवल्या. आत्यानं लाइफ जॅकेट चढवलं. दोन मिनिटांनी खों, खों, बंद! आत्यानं जॅकेट उतरवलं.

मग कार्बोरेटर खोलला. एक वाजला. कार्बोरेटर धुतला, बसवला, पुन्हा टोपण उघडून पेट्रोल बघितलं, बटण दाबलं. चालू! आत्यानं जॅकेट चढवलं. बंद! उतरवलं. तीन वाजले. बॅटरी बदलली. आत्याचं जॅकेट परत वर, परत खाली. काठावर आता आठ-दहा माणसं जमली होती आणि त्यातला प्रत्येक जण इंजिनिअर होता.

"राव, पाणी गेलं आसंल आत!"

"ओ, पाण्यातलीच गाडी हाय ती!"

"भाऊ, खरं सांगा," उस्मानभाई कपाळाचा घाम पुसत म्हणाले, "तुमी काय केलं नाय ना?"

"तुमची शपथ!" मी म्हणालो. (शपथ मी नेहमी दुसऱ्याची घेतो.)

सव्वाचार झाले. "राहू द्या हो आता," सुनंदा हळूच म्हणाली, "आत्याबाईंची गाडी चुकेल." म्हातारी एवढ्या लांबून आली, आणि मी तिला दिवसभर काठावर बसवून शेंगा फोडायला लावल्या! आत्या मात्र शेंगा फोडता फोडता इंजिनाकडेच बघत होती.

"उस्मान, भावा, येक इचारू का?"

"विचारा ना, मावशी."

"जवा जवा तू टाकीचं टोपण उघडतो, तवा तवा फुस्स वाजतंय. आन् तवाच ही बया चालू व्हती. तुमी प्लग बदला न्हाईतर बॅटरी, तिला काय बी फरक न्हाई. डाळिंबाला औषिद मारायचा माझा पेट्रोलचा पंप असंच करायचा. टोपणाच्या भोकात माती बसली का पाच मिन्टात बंद! टाकीला वारा नको व्हय? वारा आत जाईना तर पेट्रोल भाईर यील कसं?"

उस्मानभाईंनी हातातला पाना खाली ठेवला. मग त्यांनी दोन्ही हात जोडले. "मावशी, गॅरेज मी चालवतो, पण उस्ताद तुमी!"

पंधरा वर्षं पाठीवर पंप घेऊन रान फवारणारी बाई ती. कुणी शिकवलं नाही, कुणी विचारलंही नाही. तीन मेस्त्र्यांनी आणि एका दुकानदारानं जे बघूनही बघितलं नाही, ते तिनं शेंगा फोडता फोडता नुसतं ऐकून ओळखलं. मला तर तिच्या पायावर डोकं ठेवावंसं वाटलं.

पण ठेवता आलं नाही. कारण उस्मानभाईंनी टाकीला हवा देणारी बारीक नळी चाचपत चाचपत शेवटापर्यंत नेली आणि तिच्या तोंडातून काहीतरी उपटून वर धरलं. फुस्स!

ठिबकचं बूच होतं. निळं. पंचक्रोशीत निळी बुचं फक्त माझ्या दुकानात मिळतात.

"अगं बाई, इथंही!" सुनंदा म्हणाली.

मला तेव्हा कुठं आठवलं. आणल्या दिवशीच ती नळी उघडी दिसली होती. मुंग्या जातील म्हणून मीच...

आत्या जॅकेट चढवून सुनंदामागं जाऊन बसली. (स्कूटर सुनंदा चालवते. तिला पोहता येतं. मी फक्त मनात पोहतो.) बटण दाबताच स्कूटर अशी सुटली की काठावरचे सगळे इंजिनिअर ओले झाले! मधोमध गेल्यावर आत्यानं एक हात खाली सोडला आणि पाणी उडवत राहिली. तिचं हसणं काठापर्यंत ऐकू येत होतं. माझे डोळे भरून आले, उस्मानभाईंनीही चष्मा पुसला.

काठाला आल्यावर सुनंदानं घड्याळ दाखवलं.

"आनखी येक," आत्या म्हणाली.

एक झाली, मग आणखी एक झाली. साडेपाचची एसटी आळेफाट्याहून सुटली, तेव्हा आत्या पाचव्या फेरीत होती.

मग काय, मी तिला मोटारसायकलवर घेऊन आण्याला निघालो. दिवस मावळायला आला होता, वारा गार होता, आत्या मागं बसून खुशीत गुणगुणत होती. अर्धा घाट चढलो, आणि खों, खों, बंद!

मागचं गुणगुणणं थांबलं.

"बाळू, हिच्यात कुठं खुपसलंस रं बूच?"

"नाही गं आत्या! हिच्यातलं पेट्रोल मी सकाळी स्कूटरला घातलं. परत भरायचं राहिलं."

आत्या खाली उतरली आणि तिनं पदर खोचला.

"तू बस वर, हँडल धर. मी ढकलते. तुजे दोनी हात गुतलेले बरे!"