अनसाबाईनं घेतलेलं नाव

आमच्या मुडबी गावात बातमी फिरली, की अनसाबाईनं भर रस्त्यात नवऱ्याला नावानं पुकारून भांडण काढलं. भांडण कसलं! मी शेजारी, समोरच्या कट्ट्यावरून सगळं बघत होतो.

तिचा नवरा अंबाजी गाड्यांचा मिस्त्री. तो रस्त्यावरच शाळेच्या मास्तरांच्या छोट्या मोटारीच्या इंजिनाची पुली, म्हणजे पट्टा फिरवणारं चाक, बदलत होता. पुलीचा बोल्ट हलता हलेना. मग त्यानं गाडीखाली निजून बोल्टला लांब पाना लावला, दांडा जमिनीला टेकवला आणि बायकोला गाडीत चावीपाशी बसवलं. इंजिनानं एक झटका दिला, की बोल्ट सुटणार होता. पण पाना निसटेल असं वाटून हा शहाणा तो हातानंच धरून ओरडला, "मार चावी!"

त्या झटक्यात पान्याखाली हाताचा चेंदा झाला असता. अनसाबाईनं चावीवरचा हात मागं घेतला.

"अवं, हात काढा की!"

"मी धरलोय, तू मार!"

"न्हाई, मला भ्या वाटायलंय."

"कामून भ्यायलीस? मार म्हनलं ना!"

लग्न होऊन इतकी वर्षं झाली, पण नवऱ्याचं नाव तिच्या तोंडी कधी आलं नव्हतं. ती किंचाळली, "अंबाज्या! हात काढ!"

अख्ख्या गल्लीनं माना वळवल्या. हात मात्र चटकन बाहेर आला. तिनं डोळे गच्च मिटून चावी फिरवली. पाना धाडकन आपटला आणि बोल्ट सुटला.

संध्याकाळी मी डिवचलंच, "काय अनसाक्का, नवऱ्याचं नाव घेतलाव म्हनं?"

"व्हय, घेतलं. हात तुटला असता, तर त्यांला घास भरवायला तुमी येनार होते का?"