वॉल्ट्झमध्ये पुढे कोण

मुलीने व्हिएन्नाचा मुलगा पसंत केला, आम्ही हरकत घेतली नाही. अट तिकडूनच आली: लग्नात वधूच्या आईवडिलांनी सगळ्यांसमोर वॉल्ट्झ करायचा.

"आई, प्लीज, डोन्ट एम्बॅरस मी," मुलगी फोनवर म्हणाली. वरातीत दोन्ही हात वर करणं, एवढाच आमचा नृत्याचा अनुभव.

आम्ही राहतो आखातात; इथल्या वेस्ट बेमधल्या एका हॉटेलात वर्ग चालायचा. आम्हा दोघांनाच लाज वाटेल म्हणून अल वक्राच्या आमच्या इमारतीतली मराठी जोडपीही ओढून नेली. शिकवणाऱ्या बाई व्हिएन्नाच्याच. त्यांनी आधी इतिहास सांगितला. पुरुषाने बाईची कंबर धरली म्हणून एकेकाळी तिकडे धर्मगुरू खवळले होते. पुढे मुली भिंतीशी बसून कुणी विचारतंय का याची वाट पाहायच्या. आता बाई बाईबरोबर नाचते, पुरुषाची, म्हणजे जोडीदाराला पुढे नेणारी पावलंही टाकते. "आम्हाला यासाठी कित्येक पिढ्या लागल्या."

मग म्हणाल्या, नवराबायको शिकताना भांडतात, तेव्हा जोडीदार बदला.

शेजाऱ्याच्या बायकोच्या कंबरेला हात? आमची मंडळी स्वतःच्या बायकोचाही हात चारचौघांत धरत नाहीत. क्षणात बायका बायकांकडे सरकल्या, पुरुष पुरुषांकडे. सत्यनारायणाच्या जेवणाला बसतात तसे.

बाईंचे डोळे पाणावले. "किती पुढारलेले आहात तुम्ही!"

मी थँक्यू म्हटलं. कशाला त्यांचा आनंद घालवा?

मी उंच, म्हणून पुरुषाची पावलं माझ्याकडे आली. आमचे हे बुटके. त्यांना शेजारचे इंजिनिअर मागे ढकलत होते. "अहो, पाय माझा आहे!" हे अधूनमधून ऐकू यायचं.

लग्न आठवड्यावर आलं तेव्हा घरी सोफा सरकवला आणि मुलीला व्हिडिओ कॉलवर आम्ही दोघांनी पहिल्यांदा एकत्र नाचून दाखवलं. मी पुढे, हे मागे. एकदाही पाय तुडवला नाही.

"वेट! बाबा इज फॉलोइंग?"

"मागे टीपॉय आहे का, तेवढं बघ गं," हे म्हणाले.

"आई, त्याची आजी येणारे. शी इज सो ट्रॅडिशनल! बाबांना लीड करू दे."

म्हणजे एवढ्या पिढ्या खर्ची घालूनही युरोपात आजी शिल्लक आहेच. तिच्या मानासाठी पावलं उलटी करून पाहिली. दोघेही सोफ्यावर आदळलो.

"खलास," मी उठत म्हटलं. "आजींना सांग, आमच्यात अशीच पद्धत असते."