रबराने पुसलेलं पुस्तक

“तुला पुसायला सांगितलं होतं कुणी?”

“अगं ताई, साफ केलं! छापून आलं तसंच दिसायला नको का?”

जुन्या घरगुती कॉम्प्युटरवरच्या गेमची माहितीपुस्तकं ताईचा भाऊ पुन्हा तयार करायचा. पिना काढायच्या, पानं रबराने पुसायची, स्कॅन करायची, फाटका कोपरा पडद्यावर जुळवायचा आणि सगळं इंटरनेटवर टाकायचं. नोकरी सुटल्यापासून जेवणाच्या टेबलावर हाच पसारा. कुणा अनोळखी माणसाचा आभाराचा निरोप आला की स्वारी दिवसभर खुशीत.

ताई आज तिचं पुस्तक परत न्यायला आली होती. लहानपणी या भावंडांना इंग्रजी कळत नसे, म्हणून आईने त्यातल्या ओळीओळीवर पेन्सिलीने अर्थ लिहून दिला होता.

“ही घे, नवीकोरी प्रत. आता जगात कुणालाही वाचता येईल.”

“जगाचं कौतुक मला नको सांगूस. आईचा हात गेलाय, साधी सही होत नाही तिला. तिचं अक्षर तेवढंच उरलं होतं रे.”

“थांब, स्कॅन असेल...” म्हणत तो कॉम्प्युटरकडे वळला आणि तिथेच थबकला. स्कॅन तो नेहमी पुसून झाल्यावरच करायचा. त्या शिस्तीचा केवढा तोरा होता त्याला!

त्याने जुनं पान दिव्याखाली तिरपं धरलं. पेन्सिलीचे चरे दिसत होते, पण अक्षर काही लागेना.

“ताई, या ओळीवर आईने काय लिहिलं होतं गं?”

ताईने त्याच्या हातातून ते पान घेतलं, पर्समध्ये ठेवलं आणि नव्या प्रतीकडे न बघता ती दाराबाहेर पडली.