ओंजळभर पाणी

दोहा शहरातल्या या पोहण्याच्या तलावाच्या काठची फरशी मी पुसतो. आज इथं जागतिक स्पर्धेची अंतिम शर्यत होती. उडी घेण्याआधी एका पोरीनं वाकून ओंजळभर पाणी छातीवर घेतलं.

"बघा काका, नदीत उतरताना आपण करतो तसा नमस्कार केला तिनं!"

सोबत काम करणारे चिपळूणचे काका हसले. "खुळ्या, अंगाला गारव्याची सवय व्हावी म्हणून करतात ते."

असेलही. शर्यत तिनंच जिंकली. पण एवढी जगज्जेती, तीही पाण्याला विचारूनच उतरते, याचं मला फार अप्रूप वाटलं.

उद्या याच तलावात माझी जीवरक्षकाची परीक्षा आहे. सातवीत शाळा सुटली, तेव्हापासून एकही परीक्षा दिलेली नाही. पण गावाकडची चूल याच पाण्यावर पेटते. उद्या मीही आधी वाकेन. गारव्यासाठी नव्हे.